दोन थेंब लवंग

चिंधा पारोळ्याकडून सुरतेला आला तेव्हा रंगातले त्याला ओ की ठो कळत नव्हते. पण डोळा देवाने दिलेला. तिथल्या उधन्याच्या डाइंग मिलमध्ये शेठ साडीचा तुकडा पुढे टाकायचा आणि चिंधा नुसता बघून सांगायचा, पिवळा इतका, लाल इतका. पुढे तो कलर मास्तर झाला. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवायचा. ओला कपडा गडद दिसतो, वाळला की उतरतो. म्हणून रंग घालताना हात जरा पुढेच ठेवावा.

बीडी मात्र त्याच्या हातातून कधी खाली उतरली नाही. घर एका खोलीचे. तीस वर्षे धूर त्याने सोडला आणि त्याच्या बायकोने, धुरपदाबाईने, घेतला. तिने जन्मात बीडीला बोट लावले नव्हते. छाती मात्र तिचीच गेली.

दवाखान्यात तिने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "मनी आण घ्या. धूर सोडा."

"सोडला," चिंधा म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "लवंग खादी ना?"

जिन्याखाली बीडी ओढून, वास झाकायला त्याने लवंग चघळली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतरही बीडी सुटेना. तेव्हा हजीऱ्याला ठेकेदाराकडे कामाला असलेला पुतण्या लखन बीडीसारखे ओढायचे एक बोटाएवढे यंत्र घेऊन आला. "बंदी शे हाई वस्तूले, काका. कोनले दखाडू नका. तमाखू नही यामा. ग्लिसरीन आनि वास येवाना अर्क, बस."

"धूरच ना हाऊ?"

"धूर नही, वाफ. इडलीनी ऱ्हास तशी."

"इडली मी छातीमा नही ओढत, गाढवा."

लखनने आणलेल्या आंब्याच्या वासाला शाळेच्या खोडरबराची चव होती. चिंधाने तोंड वाकडे केले आणि आपले आपण मिसळायचे ठरवले. लखनने बिनवासाच्या ग्लिसरीनची बाटली आणून दिली, सोबत लवंगेचा अर्क. लवंगच का, ते चिंधाने त्याला सांगितले नाही.

मिलमध्ये करायचा तसेच त्याने केले. सारख्या मापाच्या चार बाटल्या, प्रत्येकीवर कागदाची पट्टी, पट्टीवर पेन्सिलीने आकडा. दोन थेंब, चार, सहा, आठ. दोनची त्याने यंत्रात भरून ओढली. बीडीने भाजलेल्या जिभेला काही कळले नाही. चारची पाण्यासारखी लागली. सहाची ओढली आणि पाठीमागे मोरीपाशी कुणीतरी खोकले.

दोन आखूड, एक लांब, धुरपदाबाई खोकायची तसे. मग बांगड्यांचा आवाज.

त्याने वळून बघितले. मोरीत बादली होती. त्याने आठची ओढली, तर खोकला थांबेचना. यंत्र खाली टाकून तो भर दुपारी रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

तीन दिवस त्याने त्या बाटल्यांना हात लावला नाही. चौथ्या दिवशी लावला. घरात दुसऱ्या कुणाचा आवाजच नव्हता. आता त्याला बीडीची पर्वा राहिली नव्हती. ती येईल पण खोकणार नाही, एवढीच लवंग त्याला हवी होती. तो पाच थेंब घालायचा आणि जुन्या सवयीने वर एक जास्त. ती खोकायची.

मग तिच्या वर्षश्राद्धाला तो दहा दिवस गावी गेला. परत येऊन त्याने सहज दोनची बाटली उघडली, तर सगळी खोली लवंगेने भरली.

"मुरस ते, काका," भेटायला आलेला लखन हसला. "लोनचानं मायेक. कपडा वाळीसन उतरस, हाई चढस."

चिंधाने कपाळाला हात लावला. आयुष्यभराचा हात इथे उलटा पडला होता.

लखन गेल्यावर त्याने दोनची ओढली. ती आली. डब्यांच्या मांडणीला पाठ टेकून बसली असावी; पत्रा हलकेच वाजला. खोकला नाही.

"बरं शे ना?" मान न वळवता त्याने विचारले. माणूस जवळ असल्याचे कळते तसे त्याला कळत होते. पुढचे पाच दिवस तो दुपारची वाट बघत जगला. मिलमधल्या गोष्टी तिला सांगायचा. हयातीत कधी सांगितल्या नव्हत्या.

सहाव्या दिवशी गल्लीतले सतत खडखडणारे यंत्रमाग वीज गेल्याने बंद पडले. सगळीकडे चिडीचूप झाले. चिंधाने दुसऱ्या झुरक्यासाठी यंत्र उचलले, ओठाशी नेले, आणि त्या शांततेत त्याला ऐकू आले. ती श्वास आत घेत होती. घेतला, आणि धरला. पदर नाकाशी ओढल्याची सळसळही त्याने ऐकली.

काडी पेटली की ती असेच करायची. तीस वर्षे त्याच्या पाठीमागे ती असेच करत आली होती, आणि तो समजत होता की हिला धुराची सवय झाली.

म्हणजे प्रमाण जमलेच नव्हते. ती दम धरून बसत होती.

यंत्र ओठाशीच राहिले. ओढले नाही तर ती उद्या येणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मागे श्वास अजून धरलेला होता. म्हातारीचा दम, किती पुरणार?

"सोड," चिंधा म्हणाला. "सोड श्वास. मी नही ओढत."

तो उठला. सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या, वरून बादलीभर पाणी टाकले आणि यंत्र दगडावर ठेचले. पाठीमागे एक लांब सुस्कारा सुटला. मग काहीच नाही.

वीज आली, माग सुरू झाले. लवंगेचा वास हळूहळू उतरत होता. तो पुरता जाईपर्यंत चिंधा मांडणीशेजारी बसून राहिला, तिच्या जागेपासून हातभर अंतर सोडून.