पेणच्या कारागिराचा डायमेट्रोडॉन

शारजाला निघण्याआधीच वहिनीने फोनवर बजावलं होतं, "वन्सं, सोनं दाखवते, वाळवंट दाखवते, पण तुमचे ते मेलेले प्राणी इथे मागू नका हं!" मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते ना! ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आठ दिवस मी अगदी शहाण्यासारखी वागले. अब्रातून (प्रवासी होडीतून) दुबईची खाडी ओलांडली, करामा भागात थाळी हाणली, रोल्लाच्या बाजारात बॅगा घेतल्या.

परतीच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "पेणचा अनंता इथे मॉलसाठी डायनासोर बनवतो. उद्या तुझ्याच विमानाने गावी चाललाय. बघायचाय कारखाना?"

बघायचाय काय! मी गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

पत्र्याच्या शेडमध्ये फायबरचे अक्राळविक्राळ जबडे आ वासून उभे होते. आणि त्यांच्यात, पाठीवर शीड उभारलेला डायमेट्रोडॉन! मी चक्क टाळ्या पिटल्या. पण अनंताचा चेहरा उतरलेला. सुपरवायझर कुट्टीसाहेबांनी जबड्यावर खडूने फुली मारली होती.

"सबका दाँत एक जैसा, इसका आगे बड़ा, पीछे छोटा! पूरा बदलो. छुट्टी बाद में."

"ताई, कवटीच्या फोटोत होते तसेच केलेत हो," अनंता रडकुंडीला आला होता. "बदलायला चार दिवस लागतील. पोरगी दीड वर्षाची झाली, अजून बघितली नाही मी."

झालं, माझ्या अंगात मास्तरीण संचारली. "साहब, ये डायनासोर है ही नहीं! रिश्तेदार है!"

"किसका?"

"आपका!"

मग मी सुरूच झाले. डायनासोरच्या कवटीला डोळ्यामागे दोन भोकं, याला एकच, आपल्या घराण्यासारखं. लहानमोठे दात हीसुद्धा घराण्याचीच खूण. हा सस्तन प्राण्यांचा थेट पणजोबा नाही, पण चुलत घरातला नक्की. साहेब ढिम्म. शेवटी म्हटलं, "कानशिलावर बोट ठेवा आणि दात आवळा. हललं ना? तो स्नायू त्याच जागेतून जातो."

साहेबांनी दात आवळले. दादाने आवळले. वेल्डर, रंगारी, ड्रायव्हर, अख्खी शेड कानशिलं धरून दातओठ खातेय! हसून हसून माझी मुरकुंडी वळली. साहेबांनी फाइल उघडून फोटोतली भोकं मोजली, दोनदा मोजली.

"खलास (विषय संपला)! दाँत रहने दो. इसका स्टँड अलग लगाओ. अनंता, यल्ला (चल), घर जाओ!"

विमानात अनंता क्षणभरही झोपला नाही आणि त्याने मलाही झोपू दिलं नाही.

मुंबईला विमानतळाबाहेर त्याची बायको लेकीला कडेवर घेऊन उभी होती. अनंताने हात पसरले. पोरीने भोकाड पसरलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं नातं मी काल दहा मिनिटांत पटवून दिलं होतं. इथे सख्खा बाप समोर उभा, आणि मी पोरीपुढे नुसत्या चुटक्या वाजवत होते.

अनंता मात्र बॅग टेकवून तिथेच फुटपाथवर मांडी घालून बसला. "रडू दे, ताई," तो म्हणाला. "दीड महिना आहे माझ्याकडे."