बैलं कुठं गेली?

आकारामतात्या उसाच्या गाडीवर उताणा पडून जगाचा विचार करायचा. पलूसजवळच्या त्याच्या मळ्यापासून कारखान्यापर्यंतची वाट पाखऱ्या-हरण्याला पाठ होती. कासरा सोडून दिला तरी बैल बरोबर जायचे. पाठीखाली अंथरलेल्या उसाच्या हिरव्या वाड्यांची सळसळ, खाली घुंगरांचा नाद, वर आभाळ. आणि तात्या ढगांशी बोलत असायचा.

"जेवलासा का म्हणून इचारत्यात, आन् उत्तर ऐकायला थांबत न्हाईत. तंबूतल्या शिनेमात गडी दिवसभर नांगर धरतोय, पर धोतराला चिखल न्हाई. रेडिओवरच्या माणसाला कवा खोकला कसा येत न्हाई?"

मागच्या गाडीवरून कुणी उत्तर दिलं, की तात्या खवळायचा. "तुला कुणी इचारलंय?"

एकाहत्तर साली मतदानाच्या दिवशी त्यानं भरली गाडी शाळेपुढं उभी केली आणि आत गेला. आजवर त्यानं बैलजोडीच्या निशाणीवरच शिक्का मारला होता. या वेळी कागदावर गाय-वासरू होतं, आणखी कायकाय होतं, पण बैल नव्हते. त्यानं कागद उलटा करूनही पाहिला.

"सायेब, बैलं कुठं गेली?"

"मामा, पक्ष फुटला, ती निशाणी बंद झाली आता."

तात्या कोराच कागद पेटीत टाकून रागारागानं बाहेर आला. शाळेपुढं गाडी नव्हती. ती पार ओढ्यापलीकडं, कारखान्याच्या वाटेला लागली होती. धापा टाकत त्यानं ती गाठली, उसावर चढला आणि उताणा पडला.

मग ढगाला म्हणाला, "वाट ठावं हुती ती ह्या दोघांस्नीच, गड्या. आन् काढून टाकलं ते बी ह्यास्नीच."