कांदाचाळीत कोंडलेलं पांढरं जनावर

आईचा फोन आला तेव्हा मी साक्रीच्या बाजारात मेथी निवडत होते. आई आमच्या बोलीत म्हणाली, "तू ते लेमूर लेमूर करत व्हती ना? ते आठे येल शे. आबाना चाळमा कोंडेल शे. लोके काठ्या लीसन उभा शेत."

लेमूर, आणि आमच्या गावात! मी मेथी तिथेच टाकली.

आधी सांगते लेमूरचं काय आहे ते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी धुळ्याला झूलॉजीत एमएस्सी करते आणि माझ्या सेमिनारचा विषय होता इंड्रिडी. झाडावरून झाडावर उड्या मारणाऱ्या लेमूरांचं कुळ. यात तीनच प्रकारची मंडळी. एक इंड्री, सगळ्यात मोठा, शेपूट म्हणजे नुसतं बोंड, आणि सकाळी सगळं कुटुंब मिळून असं गातं की मैलभर ऐकू जावं. दुसरा लोकरी लेमूर, छोटा, रात्री फिरणारा. आणि तिसरा सिफाका, माझा लाडका! पांढराशुभ्र, तोंड काळं, पाय हातांपेक्षा इतके लांब की जमिनीवर त्याला चार पायांवर चालताच येत नाही. मग तो दोन पायांवर उभा राहतो, हात वर धरतो आणि आडवा आडवा उड्या मारत जातो. लग्नाच्या वरातीतल्या काकासारखा. हे सगळे फक्त मादागास्करमध्ये. जगात दुसरीकडे जंगलात कुठेच नाहीत. मी दिवाळीत घरी आले तेव्हा सगळ्यांना पकडून पकडून हे दाखवलं होतं, म्हणून आईच्या लक्षात.

तर असाच एक सिफाकाचा व्हिडिओ आमच्याकडच्या ग्रुपांवर फिरत होता. माझा नव्हे, कुणीतरी दुसऱ्यानेच बनवलेला. मागे घाबरवणारं संगीत, आणि एक माणूस खर्जात सांगतोय की हे जनावर डोंगरातून उतरलंय, लहान मुलांवर झेप घेतं, डोळे काढतं. आणि शेवटी: याला वानर समजून पाया पडू नका, हे वानर नाही.

हे शेवटचं वाक्य फार वाईट होतं. कारण आमच्या गावात वानराला कोणी हात लावत नाही. मका ओरबाडू दे, कौलं फोडू दे, लोक शिव्या देतात, फटाके वाजवतात, पण मारत नाहीत. मारुतीचं आहे ना ते. तारेला चिकटून एखादं मेलं तर त्याला गुलाल लावून, टाळ वाजवत नेतात. पण जे वानर नाहीच, त्याला कोण सोडणार?

रिक्षा मिळाली ती निम्म्या रस्त्यापर्यंत. रिक्षातून वनखात्याला फोन केला. माणूस निघालाय म्हणाले, पण तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होता, वेळ लागणार होता. उरलेलं मी अक्षरशः पळत गेले.

आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांची कांदाचाळ रिकामीच होती, कांदा जाऊन महिना झालेला. कांदाचाळ म्हणजे लांबलचक खोली, भिंतींऐवजी बांबूच्या पट्ट्या, मधे फटी, वारा खेळावा म्हणून. चारी बाजूंनी माणसं फटींना डोळे लावून उभी होती. आणि दाराशी माझा चुलतभाऊ, हातात फावड्याचा दांडा. त्याची मुलगी तीन वर्षांची. व्हिडिओ आल्यापासून त्याने तिला अंगणातसुद्धा सोडलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, खरंच.

"दादा, थांब. आधी मला बघू दे."

"काय दखनं आते? पांढरं शे, काळं तोंड शे, दोन पायवर कुदनं. बठ्ठास्नी दखं."

दोन पायांवर उड्या मारताना सगळ्यांनी पाहिलं म्हणे. मी फटीला डोळा लावला. आणि सांगू? आत कोपऱ्यात ते बसलं होतं. फटीतून एका वेळी एक तुकडा दिसतो ना, तसा आधी पांढरा खांदा दिसला. मग काळं तोंड. मग लांब पांढरी शेपूट. क्षणभर मलाही वाटलं, सिफाका! कुणीतरी चोरून आणला असेल, गाडीतून सुटला असेल.

मग स्वतःलाच म्हटलं, अगं, सेमिनार दिलायस ना? बघ नीट.

पांढरं वानरही असू शकतं. क्वचित, पण जन्मतं असं फिकट पिल्लू. वानर पण पानं खातं, सिफाका पण पानं खातो, दोघांचं तोंड काळं, शेपूट लांब, म्हणून दोघे भाऊ वाटतात. पण नाहीत. त्यांच्या वाटा केव्हाच्या वेगळ्या झाल्यात. वानर त्या लेमूरपेक्षा आपल्याला जवळचं आहे. सिफाकाचं नाक कुत्र्यासारखं ओलं. खालच्या पुढच्या दातांचा कंगवा, केस विंचरायला. पायाच्या दुसऱ्या बोटाला खाजवायची नखी. हे सगळं मला पाठ होतं आणि माणसांनी फटी अडवून केलेल्या त्या अंधारात यातलं काहीच दिसत नव्हतं. दात बघायला कोण जाणार आत?

तेवढ्यात कोणीतरी मागून बांबूवर काठी आपटली. ते जनावर दचकून किंचाळलं, आणि दादाने दाराची कडी धरली.

"बूड!" मी ओरडले. "त्याचं बूड बघा!"

एक जण हसला. "कॉलेजमा हाईच दखाडतस का वं तुमले?"

"हो, हेच दाखवतात! वानराच्या बुडाला घट्टे असतात, दोन बाजूंना, काळे, फांदीवर बसून बसून झोपायला. व्हिडिओतल्याला ते नसतात. त्याच्या कुळात कुणालाच नसतात. आणि त्याला चार पायांवर चालता येत नाही. हे चार पायांवर चाललं तर वानर, मग याला मारायचं नाही. आबा, दार उघडायला सांगा. लांबून बघू."

दादा माझ्यावर धावूनच आला. "अन् ते पोरेस्वर धावनं तं? तू थांबशी का मधमा?"

"थांबते," म्हटलं. पण वानरसुद्धा घाबरलं की चावतं, आणि ते घाबरून कधी कधी दोन पायांवर उभंही राहतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

आबा इतका वेळ चाळीच्या कडेला दगडावर बसून होते. उठले. "बठ्ठा मांगे सरा. काठ्या खाले. दार उघाड रे."

दादाने कडी काढली. पण दांडा नाही ठेवला खाली. तो दाराच्या बाजूलाच उभा राहिला आणि मी त्याच्यासमोर. घराच्या पायऱ्यांवर, झाडांखाली माणसं. दाराच्या चौकटीत नुसता अंधार.

आधी एक काळा हात आला, उंबऱ्यावर. मग तोंड. मग ते बाहेर आलं आणि उभं राहिलं. दोन पायांवर! मान उंच करून सगळ्यांकडे बघत. मागे एक बाई किंचाळली, कुणीतरी "दखा, दखा!" ओरडलं, आणि दादाचा दांडा वर गेला. मी त्याच्या मनगटाला लटकले. अक्षरशः लटकले, पाय जमिनीवरून सुटले माझे. मनात एकच, खाली टेक ना रे बाबा, खाली टेक.

त्याने हात टेकले. एक, मग दुसरा. आणि चार पायांवर, शेपूट वर वळवून, कुत्रं जातं तसं दुडक्या चालीने अंगण ओलांडलं, ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीच्या कडेवरून घराच्या पत्र्यावर उडी मारली, आणि आमच्याकडे पाठ करून बसलं.

"घट्टा शेत!" आबाच ओरडले, सगळ्यात आधी. "दखं का? वांदर शे रे. आपलं वांदर शे!"

हसू फुटलं. ज्यांच्या हातात मघाशी काठ्या होत्या ते हात जोडून उभे. कुणीतरी नारळ आणायला पळालं. दादाने दांडा भिंतीला टेकवला आणि त्यानेही हात जोडले, डोळे मिटून. वानर मात्र पत्र्यावरून चिंचेवर गेलं आणि दिसेनासं झालं.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, म्हणजे मी रडतच होते. पण दादाला विचारल्याशिवाय राहवलं नाही. "खरंच ते व्हिडिओतलं असतं तर?"

"तं मारंच असतं," तो सरळ म्हणाला. "मना घरमा पोर शे."

"अरे, ते पानं खातं. कळ्या खातं. पिल्लाला पाठीवर घेऊन फिरतं. त्याला माणसाच्या मुलांचं काय करायचंय?"

तो घरात गेला आणि मुलीला कडेवर घेऊन बाहेर आला. अंगणात सोडली. पण तिचा फ्रॉक मागून धरूनच ठेवला.

आबा माझ्याजवळ येऊन बसले. हळूच म्हणाले, "अन् घट्टा नसता तं? मंग तू काय सांगती, माय?"

मी चिंचेकडे बघत राहिले. इंड्रिडी, सिफाका, ओलं नाक, दातांचा कंगवा, सगळं डोक्यात होतं. पूर्ण सेमिनार.

"वांदरच आहे म्हणून सांगितलं असतं, आबा," म्हटलं. "घट्टे दिसले म्हणून शपथ घेतली असती."