कवळीशेठ चारचौघांत जेवतात

कवळीशेठ माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, जबड्यावरून ओळखतात. यात आढ्यता काही नाही, धंदाच तसा आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्यावरून काढलेला प्लास्टरचा साचा यांच्याकडे येतो, आणि मागच्या गल्लीतल्या खोलीत खिडकीशी बसून कवळीशेठ मेणात एकेक दात रचतात. त्यामुळे गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांनी आतून पाहिली आहेत, बाहेरून जवळजवळ एकही नाही. आपलं काम तोंडात घालून कुणी समोरून आलंच, तरी ओळख द्यायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. तो पाळायला फारसं जड जात नाही, कारण लोक रस्त्यात तोंड मिटून चालतात.

मागच्या वर्षी हिरड्यांनी दगा दिला आणि शेठांचे स्वतःचे दात गेले. टोपणनाव मित्रांनी कितीतरी आधीच ठेवलं होतं. तेव्हा त्यात भविष्य सांगण्याचा कुणाचाही हेतू नव्हता. कवळी त्यांनी स्वतःच केली, कारण दुसऱ्या कुणाच्या हातची त्यांना चालली नसती. झालीही उत्तम. फक्त तिच्यावर त्यांचा विश्वास बसेना. "आठवडाभर मऊ खा, मग तोंडात काही आहे हेच विसराल," असा निरोप डॉक्टरांमार्फत जगाला धाडणारा हा गृहस्थ स्वयंपाकघराचं दार लोटून, सगळं कुस्करून जेवू लागला. कवळी घसरते कशी, वाजते कशी आणि ऐन वेळी बाहेर येते कशी, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मित्रांची जेवणं दर महिन्याला आळीपाळीने एकेकाकडे होत. शेठांनी तिथे जाणं बंद केलं. कधी पोट बिघडायचं, कधी काम निघायचं, एकदा तर घरी पाहुणे आले. त्या पाहुण्यांची बायकोला अजून वाट आहे.

मित्र म्हणजे दोघंच. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर, आणि कपडे शिवून पोट भरणाऱ्या, बोलायला फटकळ अशा ताई. शेवटी ताईंनी शेठांच्या बायकोला फोन केला. "वहिनी, त्याला सांगा, माझ्या वाढदिवसाला आला नाही तर आमचं संपलं असं समजेन. परत बोलावणार नाही."

ताई शब्दाच्या पक्क्या. शेठ गेले, बायकोसकट.

हॉटेल स्पॅनिश आणि भलतंच झोकदार होतं. उजेड इतका बेताचा की ताटात काय आहे ते चवीवरूनच कळावं. खुर्च्या इतक्या उंच की बसल्यावर पाय लोंबकळत, आणि साठी उलटलेला माणूस एकदम पहिलीतला दिसे. छोट्या छोट्या बशा आल्या: बटाट्याचं जाड ऑम्लेट, वर टोमॅटो चोळलेले पावाचे कडक काप, तिखट लावलेला ऑक्टोपस.

"हे जेवण आहे की नमुना?" मास्तरांनी विचारलं.

"याला तापास म्हणतात, मास्तर. बशा मधे ठेवायच्या आणि सगळ्यांनी मिळून खायचं," ताई म्हणाल्या आणि शेठांकडे बघून पुढे म्हणाल्या, "मिळून."

शेठांनी ऑम्लेटचा तुकडा काट्याने इतका कुस्करला की त्याचं पीठ झालं. पावाला त्यांनी हात लावला नाही.

"आवडलं नाही का रे?"

"नाही, पोट जरा..."

"तुझ्या पोटाचा मला वीट आलाय." ताईंचा आवाज खाली आला. "सरळ सांग ना, आमचं काय चुकलं?"

शेठ काट्याने ऑम्लेटचं पीठ गोळा करू लागले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक रुपेरी केसांची बाई मान मागे टाकून खो खो हसली, आणि शेठांची नजर तिच्या तोंडात जाऊन अडकली. वरचा पुढचा दात शेजारच्यावर किंचित चढलेला. कुणाच्याही लक्षात येणार नाही इतकाच. डॉक्टरांनी मुद्दाम फोन केला होता, या बाईंना आपला जुना दात होता तसा वाकडाच हवा आहे म्हणून. सगळं जग सरळ दात मागत असताना शेठांनी तो दात मेणात पुन्हा पुन्हा बसवून मनासारखा वाकडा केला होता. तो आता ऑक्टोपस खात होता. बाईंनी पावाची कड दातांनी तोडली, घास तोंडात असतानाच काहीतरी सांगितलं आणि त्यावर स्वतःच हसल्या. जी तीन कामं एकदम करू नका म्हणून शेठ निरोप धाडत, ती तिन्ही.

"अहो, काय बघताय एकटक?" बायको कुजबुजली. "लाज आहे की नाही?"

"दात बघतोय."

"कुणाचे?"

"माझे."

बायकोने एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग पावाची बशी त्याच्यापुढे सरकवली.

शेठांनी काप उचलला आणि चावला. टक्. मास्तरांचा काटा हवेतच थांबला.

शेठांनी घास सावकाश चावून गिळला. "कवळी आहे," ते म्हणाले. "वर्ष होत आलं. तुमचं काही चुकलेलं नाही."

"म्हणजे दातांपायी तू आम्हाला वाळीत टाकलंस?"

"दात नव्हते त्यापायी."

"बघू, आ कर," मास्तर पुढे वाकले. "हं. रेषा चांगली आलीये."

ताईंनी शेठांच्या पाठीत एक धपका घातला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "वर्षभर आठवतेय मी, काय टोचून बोलले असेन याला म्हणून. आणि सापडतही होतं रे, ढिगाने!"

दुसऱ्या घासालाही टक् झालं. या वेळी कुणी वर पाहिलं नाही. उजवीकडची दाढ जरा उंच राहिलीये, शेठांच्या मनात आलं, उद्या घासून टाकू. रिकाम्या बशा न्यायला वेटर आला.

"आणखी काय आणू?"

"कुरकुरीत काय आहे?" शेठांनी विचारलं.

"तळलेले बदाम आहेत."

"अरे, घाई कशाला करतोस?" मास्तर म्हणाले.

"आणा," शेठ म्हणाले आणि ताईंकडे वळले. "पुढच्या महिन्यात कुणाकडे आहे?"

"आमच्याकडे," बायकोनेच परस्पर सांगून टाकलं.