तेवीस रिकाम्या बाटल्या

दारूवर संशोधन करणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "तुम्ही घेता का?" आणि नाही म्हटलं की दुसरा, "मग तुम्हाला काय कळणार?" माझ्या बाबतीत दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आमचं घर मूळचं मराठवाड्यातलं. वडील नोकरीपायी भाईंदर पश्चिमेला आले आणि पंचशीलातलं पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, त्यांनी आमच्या घरात पहिल्या नंबरला ठेवलं. त्यामुळे बिअरची बाटली मी पहिल्यांदा नीट हातात घेतली ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कामाचा भाग म्हणून, आणि तीही रिकामी.

काम असं होतं: घराजवळ दारूचं दुकान असलं की घरातलं पिणं वाढतं का, हे तीन देशांतल्या तीन गटांनी मिळून तपासायचं. एक गट उत्तरेकडच्या एका थंड देशातला. तिथल्या प्राध्यापक बाई आम्हा सगळ्यांच्या प्रमुख. दुसरा कोलंबोचा, त्यात एक मिश्कील डॉक्टर. तिसरा मीरा-भाईंदरचा, म्हणजे मी आणि एक भाड्याची खोली. दर मंगळवारी दुपारी आम्ही तिघं लॅपटॉपच्या पडद्यावर भेटायचो. बाईंची सकाळची कॉफी चाललेली असायची आणि माझे डोळे जेवणानंतर मिटत असायचे. त्या तिथून सांगायच्या, मी इथे उन्हात फिरायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण त्यालाच आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की शेळीलाही बरं वाटतं.

पहिल्या फेरीत मी लोकांना सरळ विचारलं. काशीगावपासून उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत कुणीही पीत नव्हतं. शेजारी मात्र प्यायचे. शेजाऱ्याकडे गेलं की तो पहिल्या घराकडे बोट दाखवायचा. दुकानापुढे संध्याकाळी जी रांग लागायची ती बहुधा वर्तमानपत्र घेणाऱ्यांची असावी. मी ही उत्तरं जशीच्या तशी पाठवली, तेव्हा बाईंनी अतिशय सभ्यपणे लिहिलं, "तुमच्या भागातली माणसं फारच संयमी दिसतात." मला मिरच्या झोंबल्या. मी चिडले की मला कल्पना सुचतात आणि त्या बहुतेक वेळा महागात पडतात.

पुढच्या मंगळवारी मी म्हटलं, "माणसं खोटं बोलतात, बाटल्या बोलत नाहीत. आपण घरातल्या रिकाम्या बाटल्या मोजू." बाई खूश झाल्या. मी लगेच नियमही घालून दिला की काही विचारायचं नाही, फक्त मोजायचं, कारण विचारलं की माणूस बनवाबनवी सुरू करतो. कोलंबोचे डॉक्टर तेवढे म्हणाले, "आमच्याकडे रिकाम्या बाटलीत खोबरेल भरतात." मी हसून विषय बदलला. त्यांच्या देशातल्या खोबरेलाशी माझा काय संबंध?

उत्तनजवळच्या चौक गावात मला घेऊन गेली ती एक मावशी. साठीच्या पुढची, विधवा, सुकी मच्छी विकणारी. तीन मुली लग्न होऊन गेलेल्या, घरात एकटीच. बसस्टॉपशेजारचं बिअरचं दुकान तिथून हलवावं म्हणून तिने बायकांच्या सह्यांचा अर्ज केला होता. कचेरीतून तो दोनदा परत आला होता, दोन्ही वेळा एकच शेरा: पुरावा जोडावा. मावशीचं आणि माझं साधं बोलणं झालं होतं. ती मला घरोघर नेणार, आणि माझा अहवाल तयार झाला की तो तिच्या अर्जाला जोडणार. "खरं तेच लिही," ती म्हणाली होती, "पन लवकर लिही."

मी मोजायला गेले ते मे महिन्यात. एकेका घराच्या मागे काळपट तपकिरी बाटल्या धुवून उन्हात ओळीने उपड्या घातलेल्या. इतकं उघडंनागडं सत्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि बायकांना त्याची जराही लाज नाही. एक तर आतून आणखी सहा घेऊन आली आणि म्हणाली, "ह्या पन मोज, माज्या राहिल्या." दुसरी म्हणाली, "तिच्यापेक्षा माज्या जास्ती हायत." मी मनात म्हटलं, काय हे धाडस. नियम माझाच होता म्हणून मी काही विचारलं नाही. मावशीच्या घरामागे तेवीस निघाल्या. मावशी तेव्हा पुढच्या घरी वर्दी द्यायला गेली होती. दारूच्या दुकानाविरुद्ध अर्ज करणाऱ्या बाईकडेच तेवीस बाटल्या पाहून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली. नाकाने कांदे सोलणारी आणखी एक, असं म्हणून मी आकडा लिहून टाकला.

पडद्यावर आलेख आला तेव्हा चौकची रेघ इतर सगळ्यांच्या डोक्यावर होती आणि त्या रेघेच्या टोकावर मावशीचं घर. बाईंचा चेहरा उजळला. एकट्या राहणाऱ्या वयस्कर स्त्रिया गुपचूप पितात, असं त्यांना फार दिवसांपासून वाटत होतं. त्यांना हे स्वतः पाहायचं होतं. थंड देशातली माणसं येतात तशा त्या डिसेंबरात आल्या आणि मी त्यांना मावशीकडे जेवायला नेलं.

आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. गॅसवर सुक्या बोंबलांचं कालवण रटरटत होतं. मावशीने फळीवरची एक तपकिरी बाटली काढली, बूच उपसलं आणि बाटली कढईवर धरून तिच्या बुडावर दोन थापा मारल्या. लालभडक मसाला खाली पडला. मी फळीकडे पाहिलं. तशाच बाटल्या, बुचं लावलेल्या, भिंतीला चिकटून उभ्या होत्या. माझ्या आईचा काळा मसाला चिनी मातीच्या बरणीत असायचा. मसाला बाटलीत राहतो, तोही काळपट काचेच्या, म्हणजे उजेड लागून त्याचा रंग उडत नाही, हे मी याच शहरात इतकी वर्षं राहून कधी पाहिलं नव्हतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल तर तीन देशांत फिरून आला होता.

बाई माझ्यामागे बसल्या होत्या. त्यांना फक्त बाटलीची मान दिसली. त्या हळूच मला इंग्रजीत म्हणाल्या, "तिला विचार, ती कधी पिते."

दोघींच्या मधला दुभाष्या मी एकटीच. मी मावशीला विचारलं, "बाई विचारतायत, मसाला कधी करता?"

मावशी खुलली. मिरच्या कधी आणायच्या, किती वाळवायच्या, कुटायला कुणाकुणाच्या घरच्या बायका जमतात, सगळं तिने हातवारे करून सांगितलं. बाई भराभरा लिहायच्या तयारीत. "काय म्हणाली?"

"मे महिन्यात," मी म्हटलं.

"फक्त मे महिन्यात?"

"हो. तीन दिवस. सगळ्या बायका मिळून."

बाईंनी वहीत ते लिहून खाली दोन रेघा मारल्या. मला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता. खोटं असं मी काहीच बोलले नव्हते, फक्त विषय सांगितला नव्हता. मावशीने बाईंचा चमकणारा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, पाहुणीला मसाला भारी आवडला. तिने बाटली सरळ त्यांच्या हातात दिली. बाईंनी डोळे मिटून, जाणकारासारखं, खोल हुंगलं.

त्या सात वेळा शिंकल्या. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. नाक पुसून झाल्यावर बाईंनी बाटली उजेडात धरली, हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. मग मावशी म्हणाली, "तोंड का पाडलंस? काय इचारत होती ती?" तेव्हा तिलाही मराठीत सगळं सांगितलं, की मी तिच्या बाटल्या दारूच्या म्हणून मोजल्या आणि तीन देशांत तिला पिणारी ठरवली. सांगताना मला लाज वाटली. तिने मला दारं उघडून दिली आणि मी घरामागे जाऊन तिलाच मोजून आले होते.

मावशी हसेल किंवा हाकलून देईल असं वाटलं होतं. तिने कालवण ढवळलं, गॅस बारीक केला.

"दुसऱ्यांच्या बाटल्या भंगारवाल्याकडच्या हायत," ती म्हणाली. "माज्या घरच्या. तो रिकामी करायचा, मी धुवून ठेवायची. फुटल्या, दिल्या, तेवीस राहिल्या. त्याला जाऊन चौदा वर्सं झाली. तू मोजलंस ते चुकलं न्हाय, बाय. तुला यायला उशीर झाला, एवढंच."

हे मात्र मी बाईंना शब्दन्‌शब्द सांगितलं. बाईंनी वही मिटली. मग आम्ही जेवलो, आणि बाई डोळ्यांतलं पाणी पुसत दुसऱ्यांदा कालवण मागून खायला लागल्या.

पुढच्या मंगळवारी मी सगळ्यांसमोर कबुली दिली. चौकचे आकडे अहवालातून काढून टाकले. कोलंबोचे डॉक्टर एकच शब्द बोलले, "खोबरेल." बाईंनी मात्र बाटल्या मोजायचं बंद केलं नाही. माझा 'विचारायचं नाही' हा नियम खोडून त्यांनी फॉर्ममध्ये एक प्रश्न घातला: या बाटल्या कुणी रिकाम्या केल्या?

हे सगळं ठीक झालं, पण अहवालात चौक नाही म्हटल्यावर मावशीच्या अर्जाला जोडायला माझ्याकडे काही उरलं नाही. ते मी तिला फोनवर सांगितलं. "मग माजा कागद?" तिने विचारलं. तिने फोन ठेवला आणि तीन महिने माझा फोन उचलला नाही. माझ्या हुशारीची किंमत तिने भरली, हे मला रोज टोचत होतं.

एप्रिलच्या शेवटी तिचाच फोन आला. "उद्या सकाळी कचेरीत ये. पुरावा आनते."

ती डोक्यावर मच्छीची पाटी घेऊन बसने आली होती. दारातल्या शिपायाने हटकलं, "मावशी, इथे मच्छी चालणार नाही." "मच्छी न्हाय," म्हणत ती सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली आणि पाटीतून एकेक बाटली काढून फायलींच्या मधल्या जागेत उभी करत गेली. वर्षभराचा मसाला संपला होता, तरी वास गेला नव्हता. साहेबांनी रुमाल नाकाला लावला.

"हे काय आहे?"

"पुरावा जोडा म्हनालात. जोडला."

"कुणाच्या बाटल्या या?"

"माज्या नवऱ्याच्या. त्याच दुकानातल्या. त्यानंच तो गेला. मोजून घ्या आनि पोच द्या."

साहेब माझ्याकडे वळले. चष्म्यामुळे मी शहाणी दिसते. "मॅडम, हे काय चाललंय?"

"अर्जासोबतची कागदपत्रं," मी गंभीरपणे म्हटलं.

कारकुनाने मोजल्या, बावीस भरल्या. मावशी म्हणाली, परत मोजा. परत मोजल्यावर तेवीस भरल्या. पोच लिहिली गेली आणि तिच्यावर शिक्का उमटला: अर्जासोबत रिकाम्या बाटल्या, नग तेवीस, मिळाल्या.

दुकान अजून तिथेच आहे. अर्ज मात्र या वेळी परत आला नाही, पुढच्या टेबलावर गेला. त्या मे महिन्यात मावशीकडे मसाला भरायला काही उरलं नव्हतं. भंगारवाल्याकडून घ्यायला ती तयार नव्हती. मी माझ्या आईची बरणी मांडीवर घेऊन बसने चौकला गेले आणि सोबत नवा फॉर्मही नेला. घरामागे एकही बाटली नव्हती. मी शून्य लिहिलं.

"आता इचारायचं पन हाय ना?" मावशी म्हणाली. "इचार की."

मी प्रश्न वाचला, "या बाटल्या कुणी रिकाम्या केल्या?" तिने भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. फोटोच्या मागून एका घडी घातलेल्या कागदाचा कोपरा बाहेर आला होता, त्यावर निळा शिक्का.

"पोच त्याच्याकडंच ठेवलीय," ती म्हणाली आणि बरणीत मसाला भरायला बसली.