मर्नावहिनीच्या वड्या

"वड्यांत काय घातलं होतंस, वहिनी?"

"ओट, लोणी, चॉकलेट. आणखी काय घालणार? विष?"

"विष परवडलं असतं. निदान नोकरीत असताना मेले असते!"

लव्हॉन स्वतःच्याच स्वयंपाकघरात आरोपीसारखी येरझारा घालत होती. बीटसाखरेच्या कारखान्यात अर्धं आयुष्य तिने बीटचे ढीग उचलणारा लोडर चालवला. नवरा गेला त्याच आठवड्यात ती पुन्हा कामावर हजर झाली होती. बिअरलाही ती फक्त लग्नकार्यात तोंड लावायची. आणि काल कारखान्याच्या नर्सने तिला बाजूला घेऊन सांगितलं, लघवीत गांजा निघालाय.

घर नदीच्या अलीकडे, मिनेसोटात. इथे गांजाचं चॉकलेट दुकानात राजरोस मिळतं. कारखाना पलीकडे, नॉर्थ डकोटात. पूल ओलांडला की कायदा वेगळा, आणि मालक म्हणेल ती तपासणी. साहेबाने बजावलं होतं, हे पोटात गेलं कुठून ते शुक्रवारपर्यंत सांग, साक्षीला माणूस आण. नाहीतर लोडरची किल्ली ठेव.

आधी तिचा संशय थर्मास भरून देणाऱ्या कँटीनवाल्यावर गेला, मग नव्या फोरमनवर. मग तिला रविवारी खाल्लेल्या मर्नावहिनीच्या वड्या आठवल्या.

"'घेऊ नकोस गं, बिघडल्यात,' असं तूच म्हणालीस."

"म्हणाले ना! मग खाल्ल्यास कशाला?"

"अगं, दर वेळी तेच म्हणतेस! आपल्यात कोण म्हणतं, छान झाल्यात, खा म्हणून? तुझ्या ज्या केकवर पाद्रीबाबा तुटून पडतात, तोही बिघडलेलाच असतो! मला वाटलं, नाही खाल्ल्या तर तुला लागेल. म्हणून दोन खाल्ल्या."

मर्ना चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. संधिवाताने वाकलेली तिची बोटं हल्ली कशी भराभर पळायची! लव्हॉनने त्याबद्दल देवाचे आभारही मानले होते. आता मात्र तिची नजर त्या बोटांवरून हलेना.

"हात बरे दिसतायत तुझे."

"नवं मलम आहे."

"दाखव."

"गाडीत राहिलंय."

"चल, गाडीपर्यंत येते मी."

मर्ना हातमोजे चढवू लागली. "बर्फ वाढतोय गं. निघते."

"उद्या माझ्याबरोबर चल. साहेबाला एवढंच सांग, वड्या तुझ्या होत्या. इकडे तो गुन्हा नाही. तुला कोण धरणार आहे?"

"आणि चर्चमधल्या बायका?"

"म्हणजे होतं त्यात!"

मर्नाने कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"वहिनी, येशील ना उद्या?"

मर्नाने दार उघडलं आणि मागे न बघता ती गाडीकडे चालू लागली.