मधलीचं गार बोट

मधलीला एकटं गाता येत नसे. भाकरी थापताना गुणगुणायला लागली तरी मधेच थांबायची, डाव्या-उजव्या बाजूला बघायची आणि गप्प व्हायची. नांदेडच्या आमच्या गायन पार्टीत आम्ही तिघी कोरसला होतो. उजवीकडे शेवंता, डावीकडे मी आणि मधे ती, म्हणून सगळे तिला मधलीच म्हणायचे. पोस्टरवर फोटो गायकाचा आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि कोरस’. मला त्याचा राग यायचा, तिला कधीच नाही.

“आपला आवाज येगळा वळखू आला की समज, चुकलो,” ती म्हणायची.

तिची खरी शिस्त दम घेण्याची. ओळ कितीही लांबली तरी दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. आधी शेवंता, मग मी, शेवटी ती. जिची पाळी आली तिच्या मनगटावर ती हळूच बोट टेकवायची. ते बोट एप्रिलच्या उन्हातही गार लागायचं. “गाणं फाटू द्यायचं न्हाई गं. एकीनं तरी धरून ऱ्हायचं.” कधी शेवंतानं आणि मी चुकून एकदमच दम घेतला, तर ती एकटी उघडी पडायची. मग उमरीपासून नांदेडपर्यंत जीपमध्ये आमच्याशी अक्षर बोलायची नाही.

दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली आणि ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिची पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. “मावशी, आईचा आवाज न्हाई का कुठं? निस्ता तिचा?”

आम्ही सगळी जुनी रेकॉर्डिंग धुंडाळली. मधली सगळ्यांत होती आणि कुठंच नव्हती. आमच्या चुका कुणी रेकॉर्ड केल्या नव्हत्या. “ह्यातली आई कोणती?” पोरगी दर गाण्याला विचारायची आणि मला सांगता यायचं नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावले.

गेल्या एप्रिलात हदगावला दुपारचा कार्यक्रम होता. मधला माईक आम्ही रिकामाच ठेवतो. पोरगी पुढच्या रांगेत मोबाइल धरून बसली होती. शेवटची लांब ओळ आली आणि माझ्या मनगटावर गार बोट टेकलं. वीस वर्षांची सवय, मी दम घेतला. तेवढ्यात दिसलं, शेवंताही गप्प झाली होती. आम्हा दोघींचे आवाज थांबलेले, गायक पाणी पीत होता, तरी गाणं फाटलं नाही. लोक ठेक्यावर टाळ्या देत राहिले.

स्टेजवरून उतरलो तेव्हा शेवंता मनगट चोळत होती. “तुला बी?” तिनं विचारलं. मी मान डोलावली.

पोरीनं मोबाइल माझ्या कानाला लावला. आधी आमचे दोन आवाज, मग ते थांबतात आणि उरलेली ओळ एकच बाई गाते. जरासा घोगरा, घाई नसलेला आवाज.

“मावशी, ही कोण?” तिनं विचारलं.

“तुझी आई,” मी म्हणाले.

दोघींच्या मनगटाला एकदम बोट लावायची चूक मधलीनं उभ्या जन्मात केली नव्हती.